आधी ती कोण होती? : रहस्यकादंबरीतील स्त्री-प्रोफायलरचा मागोवा

१८ जानेवारी १९५७, शुक्रवार. न्यूयॉर्क शहराला वीज पुरवणाऱ्या कॉन्सॉलिडेटेड एडिसन कंपनीच्या कचेरीत ॲलिस केली नावाच्या कारकून बाई कामगारांच्या नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळत बसल्या होत्या. हे काम कित्येक दिवस चालले होते. शहरात १९४० पासून कोणीतरी बॉम्ब ठेवत होता. रेल्वे स्थानके, चित्रपटगृहे, ग्रंथालय, काहीही त्यातून सुटले नव्हते. तीसहून अधिक बॉम्ब ठेवले गेले होते आणि पंधरा माणसे जखमी झाली होती. वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रांतून त्याचा सारा राग या वीज कंपनीवर निघत असे. केलीबाई एका फायलीपाशी थांबल्या. तिच्यावर तांबड्या अक्षरांत अन्याय आणि कायमचे अपंगत्व या अर्थाचे शब्द होते. आतल्या जुन्या पत्रांची भाषा वर्तमानपत्रात छापून आलेल्या पत्रांच्या भाषेशी जुळत होती. फाईल होती जॉर्ज मेटेस्की या कामगाराची. १९३१ साली कंपनीच्या कारखान्यात त्याला अपघात झाला होता आणि भरपाईचा अर्ज फेटाळला गेला होता. तीनच दिवसांनी कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावी तो पकडला गेला.

हे प्रकरण आज ज्यांना ठाऊक असते, त्यांना बहुधा केलीबाई ठाऊक नसतात. ठाऊक असतात ते डॉ. जेम्स ब्रसेल. या मनोविकारतज्ज्ञाने पोलिसांना बॉम्ब ठेवणाऱ्याचे शब्दचित्र काढून दिले होते. तो मध्यमवयीन आहे, अविवाहित आहे, नात्यातल्या बायकांसोबत राहतो आणि पकडाल तेव्हा त्याच्या अंगात दुहेरी बटणांचा कोट असेल, तोही बटणे लावलेला. मेटेस्कीला रात्री झोपेतून उठवले तेव्हा तो झोपण्याच्या कपड्यांत होता. कपडे बदलून बाहेर आला तो तसाच कोट घालून. ही कोटाची गोष्ट इतकी गाजली, की ब्रसेल यांचे जे अंदाज चुकले होते ते लोक विसरून गेले. १९६८ साली त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. गुन्हेगाराचे मन वाचणारा जादूगार ही प्रतिमा तिथून पक्की झाली.

एकाच तपासातल्या या दोन व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवल्या, तर रहस्यकादंबरीच्या एका मोठ्या प्रवाहाचा इतिहास समजायला मदत होते. एक माणूस गुन्हेगाराच्या मनात शिरल्याचा दावा करतो. एक बाई शांतपणे कागद वाचते आणि कोणाचे काय बिघडले होते याची नोंद शोधते. पुढे कादंबरीकारांनी स्त्रीला प्रोफायलर केले तेव्हा तिच्या हाती यांतली कोणती रीत दिली, आणि त्याची किंमत तिच्याकडून कशी वसूल केली, हा या लेखाचा विषय आहे.

प्रोफायलरच्या आधी

प्रोफायलर म्हणजे घटनास्थळ, जखमा, गुन्ह्याची पद्धत आणि बळी गेलेल्या व्यक्तीची माहिती यांवरून अनोळखी गुन्हेगाराचे वय, स्वभाव, सवयी यांचा अंदाज बांधणारा तज्ज्ञ. हा शब्द अलीकडचा असला तरी प्रयत्न जुना आहे. नोव्हेंबर १८८८ मध्ये लंडनमधील पोलीस शल्यचिकित्सक थॉमस बाँड यांनी 'जॅक द रिपर'विषयी एक टिपण लिहिले. खुन्याला शरीररचनेचे ज्ञान नसावे, तो दिसायला शांत, निरुपद्रवी, मध्यमवयीन असावा, असे त्यात म्हटले होते. खुनी सापडला नाही, त्यामुळे अंदाज बरोबर की चूक हे कधीच ठरले नाही. मात्र एक गोष्ट तेव्हाच ठरून गेली. मारल्या गेलेल्या बायका कोण होत्या, हा प्रश्न मागे पडला आणि मारणारा कोण, हा प्रश्न शतकभराहून अधिक काळ पुरला.

कादंबरीत स्त्री गुप्तहेर त्याही आधी आली होती. १८६४ साली इंग्लंडमध्ये स्त्री गुप्तहेराची दोन पुस्तके निघाली, आणि ब्रिटिश पोलीस दलात बायकांना जागा मिळायला अजून अर्धे शतक होते. आपल्याला अधिक ओळखीची आहे ती ॲगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल. १९३० सालच्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' या कादंबरीपासून ती वाचकांच्या घरात आहे. मिस मार्पलची पद्धत नीट पाहिली तर ती प्रोफायलरच्या कामाच्या पुष्कळ जवळ जाते. समोरचा माणूस पाहून तिला गावातला कोणीतरी आठवतो. हा त्या दुकानातल्या पोऱ्यासारखा, ती अमक्या मोलकरणीसारखी, असे ती म्हणते आणि त्या साम्यावरून माणसाच्या पुढच्या वागण्याचा माग काढते. तिच्यापाशी पदवी नाही की कचेरी नाही. आयुष्यभर माणसे पाहून जमवलेला अनुभव आहे, आणि तो 'म्हाताऱ्या बाईच्या गप्पा' म्हणून झटकला जातो. हे झटकले जाणे पुढच्या साऱ्या स्त्री-प्रोफायलरांच्या वाट्याला आले.

१९७२: एकाच वर्षी उघडलेली दोन दारे

अमेरिकेच्या एफबीआयमध्ये १९२२ साली ॲलास्का डेव्हिडसन या पहिल्या स्त्री अधिकारी रुजू झाल्या. जे. एडगर हूव्हर संचालक झाल्यावर स्त्रियांना तिथून बाहेर पडावे लागले. शेवटच्या बाईंनी १९२८ साली पद सोडले आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे ते दार बंद राहिले. मे १९७२ मध्ये हूव्हर वारले. जुलैमध्ये दोन स्त्रिया प्रशिक्षणाला हजर झाल्या. एक पूर्वाश्रमीची जोगीण होती, दुसरी नौसैनिक दलातली. त्याच वर्षी व्हर्जिनियातील क्वांटिको येथे एफबीआयच्या अकादमीत वर्तनशास्त्र विभाग सुरू झाला. पुढच्या सगळ्या प्रोफायलर-कादंबऱ्यांचे उगमस्थान तेच.

या विभागातले रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस हे अधिकारी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुरुंगांत जाऊन खुन्यांशी बोलू लागले. त्यांची पुस्तके, मुलाखती आणि त्यांच्यावर बेतलेली पात्रे जगभर पोचली. मात्र या गप्पांना संशोधनाचे रूप देणारी व्यक्ती एफबीआयची अधिकारी नव्हती. त्या होत्या ॲन बर्जेस, बॉस्टनमधील मनोरुग्ण-परिचर्येच्या प्राध्यापक.

बर्जेस यांची वाट बळींच्या बाजूने आलेली होती. समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांच्यासह त्यांनी वर्षभर बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे आले तरी जाऊन, बलात्काराला बळी पडलेल्या १४६ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या ९२ प्रौढ स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेला त्यांचा लेख १९७४ साली प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर शरीर आणि मन कोणत्या टप्प्यांतून जाते याचे ते पद्धतशीर वर्णन होते. बाई रडली नाही म्हणजे काही घडलेच नाही, असे मानणाऱ्या पोलिसांना आणि न्यायालयांना त्याने उत्तर दिले. हे काम ऐकून रॉय हेझलवुड या एफबीआय अधिकाऱ्याने त्यांना क्वांटिकोला व्याख्यानासाठी बोलावले.

तिथे रेस्लर आणि डग्लस यांच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती त्यांच्या कानावर आल्या. सामग्री मोलाची होती, पण प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारलेले असल्यामुळे तुलना करायला जागा नव्हती. बर्जेस यांनी सर्वांना सारखी लागू पडेल अशी सविस्तर प्रश्नावली आणि नोंदींची पद्धत बसवून दिली. बालपण, कुटुंब, गुन्ह्याआधीचे आणि नंतरचे वर्तन, आणि बळी कोण होता, त्याने प्रतिकार केला का, केला तर पुढे काय झाले, असे सगळे तिच्यात होते. ३६ खुनी आणि त्यांचे ११८ बळी यांच्या या अभ्यासाचे पुस्तक १९८८ साली निघाले. मुखपृष्ठावर तीन नावे होती: रेस्लर, बर्जेस, डग्लस. १९९२ साली या मंडळींनी गुन्ह्यांच्या वर्गीकरणाची जी पुस्तिका काढली, तिच्यात गुन्ह्याच्या प्रत्येक प्रकाराची चर्चा बळीच्या माहितीपासून सुरू होते. आधी ती कोण होती, मग तो कोण असेल, हा क्रम परिचर्येच्या दालनातून क्वांटिकोत आला होता.

क्लॅरिसच्या हातातला कागद

१९८८ सालीच थॉमस हॅरिस यांची 'द सायलेन्स ऑफ द लँब्ज' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या 'रेड ड्रॅगन' (१९८१) मध्ये विल ग्रॅहॅम हा पुरुष प्रोफायलर होता. खुन्यासारखा विचार करता येणे ही त्याची देणगी आणि तोच त्याचा आजार. मारल्या गेलेल्या कुटुंबांच्या घरगुती चित्रफिती तो पुन्हा पुन्हा पाहतो आणि त्यातूनच त्याला उलगडा होतो. पण त्या फिती तो पाहतो खुन्याच्या नजरेने. खुन्यानेही याच फिती पाहिल्या होत्या, हेच त्याचे उत्तर असते.

क्लॅरिस स्टार्लिंग निराळी आहे. ती अजून प्रशिक्षणार्थी आहे आणि वर्तनशास्त्र विभागात जाण्याची तिची इच्छा आहे. विभागप्रमुख क्रॉफर्ड तिला डॉ. हॅनिबल लेक्टर या कैदी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, तेव्हा तिच्या हातात एक प्रश्नावली देतो. लेक्टर त्या प्रश्नावलीची यथेच्छ थट्टा करतो, आणि वाचक लेक्टरच्या बाजूने हसतो. हॅरिस क्वांटिकोला जाऊन या विभागाचे काम पाहून आले होते. अशा प्रश्नावलीमागे बर्जेस यांच्यासारख्या बाईची किती वर्षांची मेहनत होती, हे ज्याला कळते त्याला त्या प्रसंगातले हसू थोडे अडखळते. मन वाचणाऱ्या जादूगाराने कागद घेऊन आलेल्या मुलीला हिणवण्याचा हा प्रसंग, ब्रसेल आणि केली यांचीच पुढची आवृत्ती म्हणावी लागेल.

गंमत अशी, की कादंबरीतला गुन्हा शेवटी लेक्टर उलगडत नाही. तो सूचक बोलतो, कोडी घालतो. उलगडा क्लॅरिस करते, आणि तिची रीत प्रश्नावलीच्याच घराण्यातली आहे. क्रॉफर्ड आणि त्याचे सशस्त्र पथक खुन्याच्या नावापाठोपाठ दुसऱ्या शहरात धावते. क्लॅरिस एकटी ओहायोतल्या एका लहान गावी, पहिल्या मृत मुलीच्या घरी जाते. फ्रेडरिका बिमेल हिच्या खोलीत बसते, तिच्या वस्तू पाहते. कपाटात शिवायला घेतलेले कपडे आहेत. कापडावर आखलेल्या चुण्यांचा आकार पाहताच तिला कळते, की मृत शरीरांवरचे कापही त्याच आकाराचे होते. खुनी शिवणकाम जाणणारा आहे. ही गोष्ट इतक्या तज्ज्ञांपैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण त्या मुलीच्या खोलीकडे त्यांनी मुलीची खोली म्हणून पाहिलेच नव्हते. लहान गावातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलीचे आयुष्य कसे असते हे क्लॅरिसला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

जोनाथन डेमी यांच्या १९९१ सालच्या चित्रपटात याला आणखी एक जोड आहे. मृतदेहाच्या तपासणीआधी क्रॉफर्ड स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला बाजूला घेऊन बोलतो, बाईसमोर असले विषय नकोत असे दाखवून. नंतर तो म्हणतो, ते फक्त त्याला पांगवण्यासाठी होते. क्लॅरिस त्याला ऐकवते, की बाकीचे पोलीस तुमच्याकडे पाहून कसे वागायचे ते ठरवतात, तेव्हा त्याने फरक पडतो. चित्रपटाला चित्र, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री अशी पाचही प्रमुख ऑस्कर मिळाली. जोडी फॉस्टर यांची क्लॅरिस हा पुढच्या सगळ्या नायिकांचा साचा झाला.

पण क्लॅरिसचे पुढे काय झाले? १९९९ सालच्या 'हॅनिबल' या कादंबरीत सात वर्षे लोटली आहेत आणि तिला अजूनही वर्तनशास्त्र विभागात जागा मिळालेली नाही. न्याय खात्यातल्या एका मत्सरी पुरुषाने तिची वाट अडवली आहे. शेवटी लेक्टर तिला औषधांच्या अमलाखाली आणतो आणि ती त्याच्याबरोबर निघून जाते. हा शेवट अनेक वाचकांना फसवणुकीसारखा वाटला. फॉस्टर यांनी पुढच्या चित्रपटात काम करायला नकार दिला, भूमिका ज्युलियन मूर यांच्याकडे गेली आणि २००१ सालच्या चित्रपटात शेवटही बदलावा लागला. जगातली सर्वांत प्रसिद्ध स्त्री-प्रोफायलर कधीच अधिकृत प्रोफायलर झाली नाही.

साचा आणि त्याची किंमत

नव्वदच्या दशकात अशा नायिकांची लाट आली. पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या 'पोस्टमॉर्टेम' (१९९०) मधली के स्कार्पेटा ही व्हर्जिनियाची मुख्य न्यायवैद्यक अधिकारी. कॉर्नवेल स्वतः त्याच खात्यात नोकरी करून आल्या होत्या. स्कार्पेटा शरीर वाचते, पण तिच्या शेजारी मन वाचायला एफबीआयचा बेंटन वेस्ली असतो. कामाची विभागणी जुनीच होती. १९९६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'प्रोफायलर' ही मालिका आली आणि चार वर्षे चालली. २००० साली ॲलेक्स काव्हा यांच्या 'अ परफेक्ट ईव्हिल' या कादंबरीतून मॅगी ओडेल आली आणि आता नायिका रीतसर एफबीआयची प्रोफायलर झाली. २००६ साली कोडी मॅकफेडियन यांच्या 'शॅडो मॅन' मधून स्मोकी बॅरेट आली.

या नायिका एकापाठोपाठ वाचल्या की एक गोष्ट खटकू लागते. मालिकेतल्या सामंथा वॉटर्सच्या नवऱ्याला खुन्याने मारले आहे आणि तो तिच्या मागावर आहे. मॅगी ओडेलला एका खुन्याने आपले कृत्य पाहायला भाग पाडले होते. पुढच्या भागात तो तुरुंगातून निसटून तिच्याभोवती जाळे विणतो. स्मोकी बॅरेटचा नवरा आणि मुलगी मारली गेली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर त्या रात्रीचे व्रण आहेत. कादंबरीकारांनी तिला प्रोफायलर केले, पण बळीविषयीची तिची समज कुठून आली याचे उत्तर देताना तिला स्वतःलाच बळी केले. पुरुष प्रोफायलरला ज्ञान प्रतिभेतून मिळते, बाईला जखमेतून. बर्जेस यांना ते मिळाले होते अभ्यासातून, १४६ माणसांचे ऐकून घेण्यातून. ती वाट कादंबरीत फारशी कोणी धरली नाही, कारण प्रश्न विचारत, लिहून घेत बसलेली बाई पानोपानी थरार देत नाही.

या साच्याला आतून तडा देणारी लेखिका म्हणजे स्कॉटलंडच्या व्हॅल मॅकडर्मिड. त्यांच्या 'द मर्मेड्स सिंगिंग' (१९९५) मध्ये प्रोफायलर टोनी हिल हा पुरुष आहे आणि तपास अधिकारी कॅरल जॉर्डन ही बाई. बळी पुरुष आहेत, आणि खुन्याच्या हाती सापडतो तोही प्रोफायलरच. अंधाऱ्या तळघरातली भीती मॅकडर्मिड यांनी पुरुषाच्या अंगावर घालून पाहिली. दोन वर्षांनी आलेल्या 'द वायर इन द ब्लड' मध्ये त्यांनी शॅझ बोमन ही तरुण प्रशिक्षणार्थी प्रोफायलर आणली. सरावासाठी दिलेल्या बेपत्ता मुलींच्या फायली ती इतरांपेक्षा बारकाईने वाचते. तिला दिसते, की काही मुली एका लाडक्या दूरचित्रवाणी-ताऱ्याच्या कार्यक्रमानंतर नाहीशा झाल्या आहेत. सहकारी हसतात. ती एकटी पुढे जाते आणि मारली जाते. यानंतरची अर्धी कादंबरी म्हणजे शॅझचे म्हणणे तिच्या माघारी खरे ठरवण्याची धडपड आहे. फायली वाचणाऱ्या मुलीवर वेळेवर विश्वास ठेवला नाही तर काय होते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी कादंबरी या प्रकारात मला आढळली नाही.

कादंबरीबाहेर

हे सारे करमणुकीपुरते असते तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. जुलै १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर रेचेल निकेल या तरुणीचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला. पोलिसांनी मानसशास्त्रज्ञ पॉल ब्रिटन यांची मदत घेतली. कॉलिन स्टॅग या एकलकोंड्या माणसावर संशय आला. पुरावा नव्हता. मग एका स्त्री पोलिसाला खोटे नाव देऊन त्याच्याशी मैत्री करायला लावण्यात आले. तिने महिनोन् महिने पत्रे लिहायची, भेटायचे आणि त्याच्या मनातल्या हिंसक कल्पना बाहेर काढायच्या, असा बेत होता. स्टॅगने खुनाची कबुली कधीच दिली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्तींनी या साऱ्या प्रकारावर कडक ताशेरे ओढून खटला मोडीत काढला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर होता, हे २००८ साली न्यायालयात सिद्ध झाले. पोलीस स्टॅगवर ठाम राहिले होते त्या काळात, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नॅपरने आणखी एका तरुण आईला आणि तिच्या चिमुकल्या मुलीला ठार केले होते.

त्या स्त्री पोलिसाचे काय? तिने पुढे मुदतीआधीच निवृत्ती घेतली. क्लॅरिसला लेक्टरसमोर पाठवताना क्रॉफर्डने जो हिशेब केला, तोच इथे खऱ्या बाईबाबत केला गेला होता. तिच्या बुद्धीपेक्षा तिचे तरुण बाई असणे तपासाला उपयोगी मानले गेले.

प्रोफायलिंगच्या उपयोगाविषयीही तोवर शंका घेतल्या जाऊ लागल्या होत्या. १९९५ साली ब्रिटनच्या गृहखात्यासाठी झालेल्या पाहणीत प्रोफायलरची मदत घेतलेली १८४ प्रकरणे तपासली गेली. त्यांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी प्रकरणांत त्या सल्ल्याने गुन्हेगाराची ओळख पटली होती. २००२ साली वॉशिंग्टन परिसरात दडून गोळ्या घालणाऱ्याचा शोध चालू असताना अनेक तज्ज्ञांनी एकट्या गोऱ्या माणसाचे चित्र रंगवले; पकडले गेले ते दोघे कृष्णवर्णीय होते. गुन्हेगाराच्या मनात शिरल्याचा आत्मविश्वास किती महागात पडू शकतो, हे अशा प्रकरणांनी दाखवले.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत मिकी पिस्टोरियस ही मानसशास्त्रज्ञ बाई खरोखरच पोलिसांची प्रोफायलर म्हणून काम करत होती. १९९४ ते २००० या वर्षांत तिने अनेक मालिका-खुनांच्या तपासांत भाग घेतला आणि मग नोकरी सोडली. या कामाने तिच्या मनावर जो ताण आला, त्याविषयी तिने स्वतःच पुस्तक लिहिले. कादंबरीतल्या नायिकेला नवा खुनी मिळाला की नवे बळ येते. खऱ्या बाईला सहा वर्षांनी थांबावे लागले.

आपल्याकडे

मराठी वाचक बाबूराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंतच्या रहस्यकथांवर पोसला गेला. त्या परंपरेचे गाजलेले नायक धाडसी पुरुष. स्त्री-प्रोफायलरचा साचा आपल्यापैकी बहुतेकांना भेटला तो पडद्यावर. १९९९ सालचा 'संघर्ष' हा हिंदी चित्रपट 'सायलेन्स ऑफ द लँब्ज'वरून सुचलेला, आणि त्याच्या दिग्दर्शक तनुजा चंद्रा, म्हणजे एक स्त्री. प्रीती झिंटाची रीत ओबेरॉय सीबीआयमध्ये आहे, लहानपणीच्या भीतीने पछाडलेली आहे, आणि तुरुंगातल्या प्राध्यापकाची मदत घेते. आशुतोष राणांचा लज्जाशंकर पांडे आजही लोकांच्या लक्षात आहे. पण मूळ कथेतली बळीची खोली इथे उरली नाही. नायिकेची भीती आली, तिची पद्धत आली नाही. कैद्याशी होणारी बौद्धिक झटापट प्रेमकथा झाली.

चोवीस वर्षांनी, २०२३ साली आलेल्या 'दहाड' या मालिकेत मात्र वेगळे काही दिसले. राजस्थानातल्या लहान गावची दलित उपनिरीक्षक अंजली भाटी कोणाच्या मनात शिरत नाही. घरातून निघून गेलेल्या मुलींच्या तक्रारी ती एकत्र लावून वाचते. या मुली गरीब घरांतल्या, लग्न न जमलेल्या. पळून गेली म्हणून घरच्यांनी त्यांचे नाव टाकलेले, त्यामुळे त्या मेल्या आहेत हेही कोणाला कळलेले नसते. खुनी सापडतो कारण कोणीतरी प्रथमच विचारते, की या मुली कोण होत्या. अंजली प्रोफायलर म्हणवत नाही, पण काम ती तेच करते, आणि तेही केलीबाईंच्या रीतीने.

उशिरा मिळालेली नावे

२०१७ साली 'माइंडहंटर' मालिकेत वेंडी कार हे पात्र आले आणि त्यामागे ॲन बर्जेस आहेत हे जगाला कळले. पात्राचे खासगी आयुष्य अर्थात बदललेले होते. २०२१ साली बर्जेस यांनी आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या. तेव्हा क्वांटिकोतल्या त्या पहिल्या व्याख्यानाला चार दशके होऊन गेली होती. त्याआधी, २०१९ साली, इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांचे 'द फाइव्ह' हे पुस्तक आले होते. रिपरने मारलेल्या पाच जणींची चरित्रे त्यात आहेत: कोणाचे लग्न कसे मोडले, कोणाला दारूने ग्रासले, कोण कुठे नोकरीला होती. खुनी कोण, यावर पुस्तक वेळ दवडत नाही. बाँड यांच्या टिपणानंतर १३१ वर्षांनी तो मागे पडलेला प्रश्न पुढे आला.

चांगली स्त्री-प्रोफायलर कादंबरी मी कशावरून ओळखतो, असे कोणी विचारले तर माझी कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर मला खुन्याबरोबर बळी गेलेल्या एकीचे तरी नाव, तिच्या खोलीतली एखादी वस्तू आठवते का? फ्रेडरिका बिमेलच्या कपाटातले अर्धवट शिवलेले कपडे मला आठवतात. शॅझ बोमनने जुळवलेल्या फायली आठवतात. मॅगी ओडेल आणि स्मोकी बॅरेट यांच्या कथा मी एका बैठकीत वाचल्या, पण त्यांत मेलेल्या मुलींपैकी एकीचेही नाव मला आज सांगता येणार नाही. तो दोष माझ्या स्मरणशक्तीचाही असेल. पण त्या कादंबऱ्यांनी मला त्या मुलींपाशी फार वेळ थांबूही दिले नव्हते.

मेटेस्कीच्या फायलीत शेवटी होते काय? नोकरीत अपघात झालेल्या एका माणसाची गाऱ्हाणी, आणि ती नाकारल्याचे शेरे. ते कागद पंचवीस वर्षे कचेरीत पडून होते. सोळा वर्षे बॉम्ब फुटत होते आणि उत्तर कपाटात होते. ते सापडले, कारण एका कारकून बाईने शेवटचा गठ्ठाही तितक्याच लक्षपूर्वक वाचला.